आंतरराज्य पारेषण शुल्क माफीचं मॉडेल: नुकसान इतकं कमी कसं येतंय?

भीमाकाठची

नमस्कार. मी पुण्यात अर्थशास्त्रात एमए करतेय, दुसरं वर्ष. प्रबंधासाठी सौर आणि पवन विजेला आंतरराज्य पारेषण शुल्कात (एका राज्यातून दुसऱ्या राज्यात तारांवरून वीज नेण्याचं शुल्क) मिळणारी माफी घेतली आहे. माझ्या दृष्टीने ही माफी म्हणजे शुल्कावर घातलेली कमाल मर्यादाच, फक्त ती शून्यावर ठेवलेली. ३० जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या प्रकल्पांच्या विजेला पूर्ण माफी, तीही २५ वर्षं. त्यानंतरच्या एका वर्षात सुरू होणाऱ्यांना शुल्काचा २५ टक्के भाग, पुढच्या वर्षीच्यांना ५०, मग ७५, आणि १ जुलै २०२८ पासून सुरू होणाऱ्यांना पूर्ण शुल्क.

मला मोजायचंय ते हे: या माफीने एकूण समाजाचं किती भलं झालं, किती नुकसान झालं, आणि कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात किती गेलं. दोन ठिकाणं धरली, राजस्थान आणि सोलापूर. वीज महाराष्ट्रातच लागणार आहे. आकडे सगळे समजुतीसाठी धरलेले आहेत, कुठल्या प्रकल्पाचे नाहीत.

समजा दोन्हीकडे १ मेगावॅटला साडेचार कोटी भांडवल, त्यावर वर्षाला ११ टक्के बोजा, म्हणजे ४९.५ लाख. राजस्थानात ऊन कडक, प्रकल्पाच्या पूर्ण क्षमतेचा वापर २७ टक्के धरला तर वर्षाला २३.६५ लाख युनिट. सोलापुरात २३ टक्के, २०.१५ लाख युनिट. म्हणजे राजस्थानची वीज पडली २.०९ रुपयांना, सोलापूरची २.४६ ला. आता तारांचा खरा खर्च धरू. राजस्थानातून आणायला वर्षाला मेगावॅटमागे १४ लाख (५९ पैसे युनिट), सोलापुरात ४ लाख (२० पैसे). बेरीज केली तर राजस्थान २.६८, सोलापूर २.६६. सोलापूर दोन पैशांनी स्वस्त.

माफी दिली की ५९ पैसे हिशेबातून गायब होतात. राजस्थान २.०९ ला दिसतं आणि प्रकल्प तिकडे जातो. १००० मेगावॅट असे तिकडे सरकले, तर खरं नुकसान युनिटमागे फक्त दोन पैसे, म्हणजे वर्षाला साधारण ४.७ कोटी. आणि माफ झालेले १४० कोटी इतर ग्राहकांवर पसरतात, पण ते एकाकडून दुसऱ्याकडे गेले, समाजाच्या बेरजेतून गेले नाहीत. थोडक्यात, आलेखावरचा त्रिकोण (समाजाचं निव्वळ नुकसान) पाच कोटींचाही नाही आणि आयत (एकाकडून दुसऱ्याकडे गेलेले पैसे) १४० कोटींचा.

मार्गदर्शक सर म्हणाले, उत्तर छान आहे, लिहून टाक. पण मला ते पटत नाहीये. आमचं शेत पंढरपूर तालुक्यात. ७६५ केव्हीची दुहेरी लाईन आमच्या द्राक्षबागेवरून गेली आहे. पहाटे दव पडलं की तारा भाजणीच्या कढईसारख्या तडतडतात. मांडवाच्या तारेला हात लावला तर दंडापर्यंत मुंग्या येतात, त्यामुळे विरळणीला येणाऱ्या बायका त्या चार ओळी सोडून देतात. त्या पट्ट्यात आंब्याचं झाड लावता येत नाही, बोअरची गाडी उभी करता येत नाही. ही लाईन कुणाची वीज कुठे नेते हे मला ठाऊक नाही. पण माझ्या मॉडेलमधले ते '१४ लाख' म्हणजे अशाच तारा आहेत, आणि मॉडेल म्हणतंय की त्या जास्त बांधल्या गेल्या तरी कुणाचं फारसं बिघडत नाही.

चूक माझ्या भावनेत आहे की मॉडेलमध्ये? असेल तर नेमकी कुठे?

---

जुना_पारेषणवाला

मुली, प्रश्न चांगला मांडलास. ३४ वर्षं उपकेंद्रांवर काढली, आता निवृत्त. अर्थशास्त्र मला येत नाही, तारांचं सांगतो.

आधी एक दुरुस्ती. आपल्याकडे हे शुल्क बहुतांशी वीज ओढणारा भरतो, बनवणारा नव्हे. जुलै २०११ पासून 'पॉइंट ऑफ कनेक्शन' पद्धत होती, १ नोव्हेंबर २०२० पासून नवे वाटप नियम आले, आणि ऑक्टोबर २०२३ पासून 'जीएनए' म्हणजे सर्वसाधारण जोडणी हक्कावर सगळं बसवलं. माफी मिळते ती माफीपात्र वीज घेणाऱ्या वितरण कंपनीच्या वाट्याला. लाईनचे पैसे मात्र लाईनवाल्याला दर महिन्याला पूर्ण द्यावेच लागतात, तेव्हा सुटलेली रक्कम देशभरच्या सगळ्या ओढणाऱ्यांच्या डोक्यावर येते. त्यात महाराष्ट्रही आला. म्हणजे एका हाताने माफी घ्यायची आणि दुसऱ्या हाताने बाकीच्यांच्या माफीचा वाटा भरायचा. प्रत्येक राज्याला एकेकटं पाहिलं तर राजस्थानची वीज घेण्यात फायदा दिसतो, कारण नाही घेतली तरी इतरांच्या तारांचे पैसे चुकत नाहीत. हे तुझ्या दोन ठिकाणांच्या मॉडेलमध्ये दिसणारच नाही. त्यात निदान दोन खरेदीदार राज्यं हवीत.

दुसरं, '१४ लाख मेगावॅटमागे' हा आकडा तू स्थिर धरलास. लाईन अशी मेगावॅट-मेगावॅटने वाढत नाही. ती एकदम हजारोंनी येते. नुसत्या सौर विजेसाठी बांधली तर संध्याकाळी सातनंतर ती मोकळी असते. त्याच लाईनवर पवन आणि बॅटरी आणली तर तोच खर्च जास्त युनिटांवर बसतो. उलट प्रकल्प आधी उभे राहिले आणि लाईन मागे पडली, तर कडक उन्हात वीज बनवणं थांबवायला सांगावं लागतं. राजस्थानात २०२५ मध्ये हेच झालं. माफीची शेवटची तारीख जवळ आली की सगळे त्या तारखेआधी प्रकल्प सुरू दाखवायला धावतात. तारा तारीख पाहून उभ्या राहत नाहीत, त्यांना जंगलाची परवानगी लागते, शेतकऱ्यांशी मोबदल्याचा वाद मिटवावा लागतो, तिकडे माळढोक पक्ष्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारांवर बंधनं घातली होती. तेव्हा राजस्थानच्या २३.६५ लाख युनिटांतून वाया गेलेली युनिटं आधी वजा कर. दोन टक्के जरी गेली तरी तुझ्या दोन पैशांच्या फरकाहून ती मोठी पडतील.

आणि एक लाईनच्या बाजूने. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही लाईनने दक्षिणेचं ग्रीड बाकी देशाशी एकाच वारंवारतेवर जोडलं गेलं. त्या रात्री मी ड्यूटीवर होतो. आमच्या पडद्यावर दोन्हीकडची वारंवारता एकाच आकड्याला येऊन स्थिरावली, तेव्हा कंट्रोल रूममध्ये कुणीच काही बोललं नाही, सगळे फक्त बघत होते. ती लाईन कुणा एका प्रकल्पाची नव्हती. जुलै २०१२ मध्ये ग्रीड कोसळून झालेला अंधार ज्यांनी पाहिला, त्यांना मजबूत ग्रीडची किंमत कळते. म्हणून लाईनचा सगळा खर्च एकट्या सौर प्रकल्पाच्या नावावर टाकू नकोस. काही हिस्सा सगळ्यांच्या सुरक्षिततेचा आहे, आणि तो सगळ्यांनी भरणं बरोबरच आहे.

---

लीथचा_पाऊस

ताई, मी एडिंबरामध्ये वीजबाजारावर काम करतो, मूळचा साताऱ्याचा. तुमची मुख्य चूक माझ्या मते वेगळ्या जागी आहे.

तुम्ही राजस्थानचा एक आणि सोलापूरचा एक असे दोनच प्रकल्प धरलेत, आणि त्यांच्या खऱ्या खर्चात योगायोगाने दोनच पैशांचा फरक आहे. जवळजवळ बरोबरीत असलेल्या जोडीत चुकीची निवड झाली तर नुकसान दोन पैसेच येणार. पण प्रत्यक्षात शेकडो जागा असतात. एखादी सोलापूरची जागा राजस्थानपेक्षा खऱ्या अर्थाने १० पैशांनी स्वस्त, एखादी ४०, एखादी ५५ पैशांनी. माफी ५९ पैशांची, म्हणून ० ते ५९ पैशांच्या फरकातल्या सगळ्याच जागा हरतात आणि प्रकल्प राजस्थानला जातो. त्या सगळीकडे सारख्या पसरलेल्या धरल्या तर सरासरी नुकसान दोन पैसे नाही, साडेएकोणतीस पैसे. सरकलेल्या १००० मेगावॅटमागे वर्षाला साधारण ७० कोटी. तुमच्या १४० कोटींच्या आयताचा निम्मा. त्रिकोण म्हणजे शेवटी हेच.

यात 'सरकलेल्या' हा शब्द महत्त्वाचा. जे प्रकल्प माफी नसतीही तरी राजस्थानलाच गेले असते, त्यांच्या बाबतीत तुमचं पहिलं म्हणणं खरं आहे, तिथे फक्त पैशाची अदलाबदल. तेव्हा प्रबंधाची खरी मेहनत इथे आहे: एकूण किती प्रकल्प गेले हे सगळ्यांना माहीत असतं, त्यातले किती माफीमुळे गेले ते शोधा.

ब्रिटनची गोष्ट तुलनेला उपयोगी पडेल. इथे पारेषण शुल्क वीज बनवणाऱ्यालाही भरावं लागतं आणि ते विभागवार बदलतं. उत्तर स्कॉटलंडमध्ये ते जबर आहे, इंग्लंडच्या दक्षिणेत काही विभागांत उणे, म्हणजे उलट पैसे मिळतात. वारा उत्तरेला, माणसं दक्षिणेला. सरासरीवर एक कायदेशीर मर्यादा आधीपासून आहे: युरोपीय संघाच्या २०१० च्या ८३८ क्रमांकाच्या नियमात बहुतेक देशांसाठी मेगावॅट-तासाला ० ते ०.५ युरो आणि ब्रिटन-आयर्लंडसाठी ० ते २.५ युरो. २०२४ मध्ये नियामकाने विभागवार शुल्कालाही तात्पुरती कमाल आणि किमान मर्यादा घालण्याचा विषय पुढे आणला. कारण असं दिलं गेलं की पुढच्या दहा वर्षांच्या शुल्काचे अंदाज इतके वरखाली होतायत की पवनप्रकल्पवाला लिलावात बोली लावताना भीतीची किंमत धरतो, आणि ती शेवटी ग्राहकच भरतो.

इथे शुल्काची पातळी आणि शुल्काची अनिश्चितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याच आकड्यांत भांडवलाचा बोजा ११ वरून १० टक्के झाला तर राजस्थानची वीज १९ पैशांनी उतरते. हा फायदा मोठा आहे. पण तो मिळवायला शुल्क शून्य करावं लागत नाही, २५ वर्षांसाठी आधीच ठरवून दिलं तरी पुरतं. तेव्हा तीन प्रसंग चालवा: शून्य शुल्क, आधी ठरवलेलं पूर्ण शुल्क, आणि दरवर्षी बदलणारं पूर्ण शुल्क. माफीचे समर्थक बहुधा पहिल्याची तुलना तिसऱ्याशी करतात. तुम्ही दुसऱ्याशी करा.

जुन्या पारेषणवाल्या काकांचं वाचून एक भर. तुमच्याकडे शुल्क खरेदीदार भरतो, म्हणजे वितरण कंपनीशी करार असलेल्या प्रकल्पाच्या कर्जाला या अनिश्चिततेची फारशी झळ लागणार नाही. थेट कारखान्याला वीज विकणाऱ्यांना लागेल. १९ पैसे सरसकट धरू नका.

आणि कार्बनचा फायदा माफीच्या खात्यावर जमा केला असेल तर काढून टाका. वितरण कंपन्यांना अक्षय वीज किती घ्यायची ते बंधनच आहे, २०२९-३० साठी ४३.३३ टक्के. प्रमाण जर बंधनाने ठरत असेल, तर माफीने फक्त जागा बदलली, कोळसा तेवढाच वाचला.

---

मागवाला_इचलकरंजी

वरच्या दोघांनी कारखानदार आणि ग्राहक एकाच पोत्यात घातले. आमच्या गावात यंत्रमागाचा खटका बंद पडला की घर बंद पडतं, म्हणून लिहितोय.

तुमचे १४० कोटी 'इतर ग्राहकांवर' जातात म्हणता. ते राज्यात आल्यावर सारखे वाटले जात नाहीत. शेतीपंपाचा दर कमी, तो भरून काढायला उद्योगाचा दर चढा. वर आणखी काही पैसे चढले की मोठा कारखाना छतावर सौर पॅनेल लावतो किंवा स्वतःचा करार करून बाहेर पडतो. तो गेला की त्याच तारांचा खर्च उरलेल्या कमी युनिटांवर बसतो. मी २४ मागांचा मालक, शेड भाड्याची, छत माझं नाही. मी कुठे जाऊ? तेव्हा 'मागणी बदलत नाही' असं धरून आयताला निव्वळ अदलाबदल म्हणू नका. मोठ्यांची मागणी बदलते, लहान माणसाची बदलत नाही, आणि म्हणूनच भार त्याच्यावर येऊन थांबतो.

हाच हिशेब राज्याराज्यांत लावा. बिहारच्या माणसाला वर्षाला मिळणारी वीज महाराष्ट्राच्या माणसापेक्षा खूप कमी आहे. अक्षय ऊर्जेसाठी बांधलेल्या आंतरराज्य तारांचा राष्ट्रीय वाटा तोही भरतो. त्याचा एक रुपया आणि मुंबईतल्या टॉवरमधल्या माणसाचा एक रुपया बेरजेत सारखा धरायचा की नाही, हे तुमच्या सरांना विचारा. मी असतो तर दोन्ही प्रकारे मोजून दोन्ही उत्तरं छापली असती.

---

भीमाकाठची

काका, दादा, मागवालेदादा, मनापासून आभार. तीन रात्री हेच करत होते.

आधी चूक कबूल करते: एकच प्रकल्प धरण्याची. जागा पसरवल्या आणि सरकलेल्या १००० मेगावॅटमागे ७० कोटींच्या आसपासच आले. तीन प्रसंगही चालवले. आधी ठरवून दिलेलं पूर्ण शुल्क, शून्य शुल्कापेक्षा जवळजवळ प्रत्येक वेळी चांगलं ठरतंय. एकाच वेळी हरतं, जेव्हा मी लाईनचा मोठा हिस्सा काका म्हणतात तसा सगळ्यांच्या सुरक्षिततेच्या खात्यावर टाकते. तेव्हा खरा खर्च १४ लाखांऐवजी ५-६ लाखांवर येतो आणि राजस्थान योग्यच दिसतं. म्हणजे अख्खं उत्तर या एका हिश्श्यावर अडून आहे. हे मी प्रबंधात पहिल्याच पानावर लिहिणार आहे.

आता माझं स्वतःचं. रविवारी गावी गेले होते. दादांना (वडिलांना) म्हटलं, तारेखालची जमीन मोजू या. दोघांनी टेप धरला. दुहेरी ७६५ केव्हीचा पट्टा ६७ मीटर रुंदीचा, आमच्या हद्दीत लांबी २०० मीटर भरली. तीन एकर बारा गुंठे. आमचं सगळं रान नऊ एकर. २०१५ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाखाली जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि पट्ट्याखाली जास्तीत जास्त १५ टक्के असं होतं. जून २०२४ मध्ये ते २०० आणि ३० टक्के झालं, पण आमची लाईन त्याआधीची. दादा म्हणाले, गावात तारेखालच्या रानाला गिऱ्हाईक ४० टक्के पाडूनच मागतं. म्हणजे १५ मिळाले धरले, तरी २५ टक्के कुणाच्याच वहीत नाहीत. लाईनच्या खर्चात नाहीत, शुल्कात नाहीत, आणि माझ्या १४ लाखांतही नव्हते.

ते घालून पाहिले. एका किलोमीटरला ६७ मीटरने साडेसोळा एकर. वाळवंट, माळ आणि बागायत मिळून जमिनीची सरासरी किंमत एकरी ८ लाख रुपये धरली, तर ते २५ टक्के म्हणजे किलोमीटरला ३३ लाख. हजार किलोमीटर आणि ३००० मेगावॅटची लाईन धरली तर मेगावॅटमागे ११ लाख एकदाच, म्हणजे वर्षाला सव्वा लाखाच्या आत. युनिटला पाच पैसे. ७० कोटींचे ८२ होतात. पाच पैसे फार नाहीत, हे मला मान्य आहे. पण पहिल्या मॉडेलमध्ये मी दोन पैशांवर निकाल दिला होता आणि सर मला लिहून टाक म्हणत होते.

सोलापूरच्या बाजूलाही एक बदल केला. तिथे मी मोठाच प्रकल्प धरला होता. आमच्या उपकेंद्राशेजारी आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून छोटा प्रकल्प होणार असं गावात चाललंय. तसं झालं तर वीज थेट आमच्या फिडरवर येईल, ७६५ ची गरजच नाही, आणि दादांना मोटर चालू करायला रात्री दोनला विंचवा-सापातून जावं लागणार नाही. दिवसा पाणी मिळण्याची किंमत कशी लावायची हे मला अजून सुचलेलं नाही. दादांना विचारलं, दिवसा लाईट मिळावी म्हणून युनिटला किती जास्त द्याल? ते म्हणाले, "आधी द्या तर खरं, मग भाव करू."

काका, एक विचारते. दुहेरी ७६५ वर ३००० मेगावॅट हे बरोबर धरलंय का? आणि मांडवाच्या त्या मुंग्यांचं काही करता येतं का?

---

जुना_पारेषणवाला

३००० धरायला हरकत नाही. एक सर्किट गेलं तरी दुसऱ्याने भार झेलला पाहिजे, म्हणून पूर्ण क्षमतेने कुणी चालवत नाही. पण लाईन जितकी लांब तितका हा आकडा खाली येतो, तेव्हा २००० घेऊनही एकदा चालव. तुझे पाच पैसे साडेसात होतील.

मांडवाचं आधी कर, प्रबंध नंतर. तारा लाईनला समांतर लांबवर गेल्या की त्यांच्यात वीज प्रवर्तित होते. मुंग्या येतात त्या त्याच. मांडवाचं अर्थिंग झालं पाहिजे: दोन्ही टोकांना आणि मध्ये ठरावीक अंतरावर जमिनीत लोखंडी सळई, आणि लांब तारा मध्ये इन्सुलेटर घालून तोडायच्या. बागेत ठिबकची किंवा कुंपणाची तार असेल तर तीही. हे घरच्या वायरमनकडून करू नका. लाईनच्या देखभाल कार्यालयात लेखी अर्ज द्या, सोबत ७/१२ आणि जवळच्या टॉवरवरच्या पाटीचा नंबर जोडा, आणि पोच घ्या. काम होईपर्यंत बायका त्या चार ओळी सोडतात ते योग्यच आहे, त्यांना तसंच करू दे. पाऊस सुरू व्हायच्या आत व्हायला हवं.